कोठीच्या दाराची आतली बाजू

बोर्ली पंचतन
चैत्र शुद्ध प्रतिपदा, ३० मार्च २०२५

ती. गोदूताईस,

बाळाजीचा नमस्कार, आणि त्याच्या पाठोपाठ तक्रार. तक्रार गंभीर आहे, म्हणून नमस्कार आधी उरकून घेतला.

ऋत्विकच्या लग्नाला तू लोणच्याची बरणी घेऊन आलीस आणि जाताना बरणी घेऊन गेलीस, इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून झालं. परंतु झाकण आमचं गेलं. तुझ्या लग्नाच्या वेळी आईने माणगावच्या बाजारातून दोन बरण्या आणल्या, एक तुला आणि एक घराला, आणि त्या अगदी सारख्या आहेत असं आपण चाळीस वर्षं मानत आलो. तसं नाही. तुझं झाकण आमच्या बरणीवर बसत नाही, डुगडुगतं. शाळा तपासायला आलेला साहेब जसा खुर्चीच्या कडेवर टेकतो, कधी एकदा उठू असं झालेला, तसं ते सहा आठवडे बसलं आहे. लोणच्याला वारा लागतो आहे. या प्रकरणी तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे.

फोनवर विचारलं असतं. अकरा वेळा विचारायचा प्रयत्न केला. तू उचलत नाहीस. टपाल उचलावंच लागतं, म्हणून हे पत्र.

आता दुसरी गोष्ट. लग्नाच्या दिवशी तू कोठीच्या खोलीत अक्षतांचे तांदूळ आणायला गेलीस, दार आतून लोटलंस, आणि बाहेर येऊन ‘एक राहिलंच होतं’ एवढंच म्हणालीस. आमच्या सौ. तुळशीला वाटलं, पंक्तीत काही वाढायचं राहिलं. तिने गडबडीने तुझ्या वाटीत दुसऱ्यांदा मठ्ठा ओतला. तू तो प्यायलीस, चपला घातल्यास आणि गेलीस.

दाराबद्दल बोलतो. लग्नाआधी घराला रंग काढायला बोलावलेला विनेश पेंटर भला माणूस आहे, पण हातात ब्रश आला की त्याला आत आणि बाहेर यांत भेद दिसत नाही. मी शाळेत होतो. त्याने आतली बाजूही रंगवून टाकली, तीही आधी पॉलिशपेपर मारून. मी नंतर कोपऱ्यात थोडं खरवडून पाहिलं. खाली नुसतं लाकूड आहे.

रुचिकाला, म्हणजे नव्या सूनबाईला, मला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सांगितलं ते असं: तुझ्या आजेसासूला लिहिता येत नव्हतं. दर पाडव्याला ती या दाराच्या आतल्या बाजूला गेरूने एक ओळ काढायची. त्या वर्षात घरात आपल्या हाताने जे करायचं, त्या प्रत्येक कामाची एक खूण. फेण्यांचं वर्तुळ, आमसुलांचा त्रिकोण, गोधडीच्या आडव्या रेघा, चुलीचा उकार, खराट्याचा फणा, झापांची जाळी, वालाची शेंग. काम झालं की खुणेवर चुन्याचा पांढरा ठिपका. राहिलं तर खूण तशीच, आणि पुढच्या साली पुन्हा.

मी सात सांगितल्या. रुचिकाने बोटं मोजली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही आठ म्हणाला होतात.”

आठवी मला येत नाही. एवढं आठवतं, की ती ओळीच्या शेवटी असायची, चौकोनात चौकोन, आणि तिच्यावर ठिपका मी कधी पाहिला नाही. खिडकी म्हणावी तर खिडक्या घराला आहेतच. पाट म्हणावा तर पाट सुताराचं काम. ती कशाची हे तुला ठाऊक असणार. आई तुला सगळं सांगायची, मला फक्त जेवायला हाक मारायची.

तेव्हा आजच्या मुहूर्तावर संकल्प सोडला आहे. मघाशी सात खुणा गेरूने काढल्या, आठवीची जागा मोकळी ठेवली. पुढच्या पाडव्यापर्यंत सातही कामं मी स्वतः करीन, आणि केल्याशिवाय ठिपका देणार नाही. तुळशीने मदत करायची नाही, फक्त हसायचं, असं ठरलं आहे. ते काम तिने सुरूही केलं आहे.

पुढच्या पाडव्याला तू यावंस आणि आठवी काढावीस. येताना झाकण आणावंस.

तुझा,
बाळाजी
(सहायक शिक्षक, संस्कृत, आणि आजपासून गृहकृत्ये)


२४ मे २०२५

गोदूताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. एवढ्या पुराव्यावर आमचे मीमांसक मोठमोठे सिद्धांत उभे करतात. मी एवढाच करतो, की तुझा पत्ता बदललेला नाही.

फेण्या झाल्या. पहिल्या बारा गोल आल्या, पुढच्यांनी स्वतंत्र आकार धारण केले. तुळशी एकेक उचलून नावं ठेवत होती. “ही म्हसळा. ही श्रीवर्धन. ह्या तालुक्याला समुद्र लागतो काय हो?” ठिपका दिला आहे. गोल असाव्यात अशी आईची अट होती का हे कळायला मार्ग नाही, म्हणून संशयाचा फायदा मी मला दिला.

रुचिकाला हा संकल्प फार आवडला. बेलापूरच्या कचेरीत ती दिवसभर हेच करते, कुणी काय ठरवलं होतं आणि त्यातलं किती झालं ते बघते. तिची स्वतःचीही वर्षाची यादी आहे. बारा पुस्तकं, खिडकीत पुदिना, आठवड्यातून चार दिवस घरी रांधलेलं जेवण, आणि ऋत्विकला हाताने विणलेला स्वेटर. त्याची एक बाही झाली आहे. ऋत्विक म्हणतो, थंडीपर्यंत दुसरी नाही झाली तर एक हात खिशात घालून हिंडेन.

तर तिने मला फोनवर एक तक्ता करून पाठवला आहे. रकाने चार: काम, मुदत, किती टक्के झालं, अडचण. दर महिन्याच्या शेवटी भरायचा. मी तो मनोभावे भरतो. अडचणीचा रकाना तेवढा कोरा ठेवतो, कारण अडचण म्हणून एकदा लिहिलं की ती आपल्याला कायमची राहायला येते.

आमसुलांच्या वेळी शेजारची सखूकाकी येऊन बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, पण नजर तीच.

“रातांबं सुरीनं फोडलास व्हय रं? तुजी आय बायजा हातानं दाबायची.”

“सुरीने पटकन होतात, काकी.”

“पटकन करून तुला जायाचं हाय कुठं? शाला तर बंद हाय.”

उरलेले हाताने फोडले. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा बुडवायची, असं पुटामागून पूट. आई सात द्यायची. मीही सात दिली. पाऊस यंदा मे महिन्यातच घुसला, पण त्याच्या आत माझं काम आटोपलं होतं. त्रिकोणावर ठिपका दिला आहे. शंभर टक्के.

झाकणाबद्दल तू काही कळवलं नाहीस. बरणीला सध्या फडकं बांधलं आहे. लोणच्याच्या दृष्टीने हा मानभंगच आहे.

बाळाजी


नारळी पौर्णिमा, ९ ऑगस्ट २०२५

गोदूताई,

राखी आली नाही. मनगट बघून नववीच्या वर्गातल्या मुलींनी विचारलं, “सर, तुम्हाला बहीण नाही?” मी म्हटलं, आहे, माणगावला असते. एक जण म्हणाली, “माणगाव तर जवळच आहे.” भूगोल त्यांचा चांगला आहे.

आमसुलांबद्दल मी तुला जे लिहिलं ते खरं नव्हतं. पुटं चार झाली. पाचव्याच्या आधी पाऊस आला, सगळी सालं मी चुलीवरच्या माळ्यावर पसरली आणि आठ दिवसांत निम्म्यांना बुरशी धरली. तेव्हाच ते कळलं होतं. तरी ठिपका दिला आणि तक्त्यात शंभर लिहिले. कोणी बघणारं नव्हतं, आणि तुला लिहिताना हात अडखळलाही नाही.

परवा कोठीत तांदूळ काढायला गेलो, दार लोटलं, आणि तो ठिपका नजरेसमोर आला. आईच्या दारावर, आईच्याच चुन्याने खोटं. ओल्या फडक्याने पुसला. पूर्ण जात नाही, पांढरट डाग राहतो. राहू दे. रातांबे आता पुढच्या उन्हाळ्याखेरीज मिळायचे नाहीत, तेव्हा या ओळीत ते काम राहिलं. आईचीही राहायची. पण तिने राहिलेल्या कामावर कधी ठिपका दिला नाही.

गोधडीचं मात्र खरं सांगतो. आईची दोन लुगडी पेटीत होती, हिरवं आणि ते किरमिजी, जे ती तुझ्याकडे यायचं असलं की नेसायची. किरमिजी वर घेतलं आहे. पहिल्या चार ओळी घालून मी सखूकाकीला दाखवल्या. ती चष्मा लावून बघत राहिली.

“ह्यो टाका हाय का बैलाची उडी?”

“जरा मोठा झाला.”

“जरा? ह्याच्यातनं पोराचं बोट जाईल. उसव.”

उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा उसवलं. तिचं माप असं, की टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि दाणा आपल्या कोलमचा, बासमतीचा नव्हे. पंधरा वेळा उसवल्यावर सोळाव्या खेपेला तिने सुईत दोरा ओवून दिला. शाळेतून आल्यावर रोज दोन ओळी घालतो. दिवाळीपर्यंत संपवणार. तक्त्यात चाळीस टक्के लिहिले आहेत, आणि ते मोजून लिहिले आहेत.

एक प्रश्न. आईचा त्या दारासमोर काढलेला एक फोटो ऋत्विकला सापडला. मला केवढा आनंद झाला. पण आई बरोबर दाराच्या मध्यात उभी आहे, आणि पदर सावरायला तिने हात असा वर घेतला आहे, की खांद्याच्या एका बाजूला तीन खुणा दिसतात, दुसऱ्या बाजूला दोन, आणि शेवटचा कोपरा कोपराने झाकला आहे. आपल्याच आईने झाकल्यावर तक्रार कोणाकडे करायची?

तुझा,
बाळाजी


२ नोव्हेंबर २०२५

गोदूताई,

झाकण पोचलं.

माणगाव–श्रीवर्धन गाडीच्या कंडक्टरने बोर्लीच्या स्टँडवर ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझ्या हाती दिलं. चिठ्ठी शोधली. म्हटलं, “काही निरोप?” तो म्हणाला, “ताईंनी सांगितलंय, चहा घरी पण मिळतो म्हणावं.”

म्हणजे तू मला पाहिलंस.

लपवण्यात अर्थ नाही, तर सांगतो. भाऊबीजेला मी सकाळच्या गाडीने निघालो. पिशवीत गोधडी होती. पुरी झालेली, सव्वाशे ओळींची, आदल्या दिवशी तिच्यावर ठिपका देऊन निघालो होतो. माणगाव स्टँडला उतरलो. टपरीवर एक चहा घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला चहावाल्यानेच विचारलं, “गाडी चुकली काय?” मी म्हटलं, चुकली. आणि परतीच्या गाडीत बसलो. तुझं घर तिथून सात मिनिटांवर आहे. तू बहुधा फुलं आणायला आली असशील. पाट मांडून ठेवला होतास का, हे विचारत नाही.

झाकण बसलं. टक् असा आवाज आला. तुळशी म्हणाली, “एवढ्यासाठी आठ महिने?”

तू एवढं केलंस, तर मीही एक फेडतो. विनेशने चुकून रंगवलं नाही. मी शाळेत नव्हतो. मी घरात होतो, दाराशेजारी उभा होतो.

त्याने विचारलं, “सर, आतल्या अंगाला काय काय काढलंय. ठेवू की मारू?”

व्याही येणार होते. रुचिकाचे आईवडील दोघंही कॉलेजात शिकवतात. कोणी तांदूळ-गूळ आणायला आत गेलं, दार लोटलं, तर काय दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. संस्कृत शिकवणाऱ्याच्या घरात ह्या रेघोट्या. मी म्हटलं, “मार.”

तो भला माणूस, लगेच मारला नाही. जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाला, “पोरांनी काढलंय वाटतं?”

मी म्हटलं, “हो, पोरांनीच.”

ते ऐकल्यावर त्याने पॉलिशपेपर घेतला. त्याच्याकडे जाऊन मी त्याला खरं सांगितलं आहे, की मी त्याच्यावर आळ घेतला होता. तो म्हणाला, “जाऊ द्या सर, रंग तर चांगला बसलाय ना?” चांगला बसला आहे. तोच त्रास आहे.

आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्या व्याह्यांना रुचिकाने खुणांबद्दल सांगितलं. विहीणबाईंनी मला फोन केला. त्यांना ते दार बघायला यायचं होतं.

संकल्प सुटलेला नाही. आता चूल आणि खराटा. वाल पेरायला घेतले आहेत.

तुझा,
बाळू


१८ जानेवारी २०२६

ताई,

तू काही लिहीत नाहीस, पण मागच्या पत्रानंतर तिळाचे लाडू आले. त्याच कंडक्टरबरोबर. निरोप नव्हता. लाडू कडक होते. निरोप तोच असेल तर पोचला.

चूल दोनदा फुटली. पहिलीची भिंत ओली असतानाच मी विस्तव घातला, कारण कधी एकदा ठिपका देतो असं झालं होतं. सखूकाकीने फुटका उकार बघून विचारलं, “शालेत पोरं पास व्हतात ती तरी सुकलेली असत्यात का?” दुसरी का फुटली ते तिलाही कळलं नाही. तिसरी उभी आहे. तिच्यावर पहिल्यांदा चहाच केला, दुसरं काही सुचलं नाही. धुराने दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं आणि त्या निमित्ताने तुळशीने मला पहिल्यांदाच ‘जमलं’ म्हटलं.

खराट्यासाठी माडाचे हीर सोलताना डाव्या हाताला चार ठिकाणी कापलं, पण खराटा असा झाला, की सखूकाकीने तो झाडून बघायला म्हणून नेला आणि अजून परत केलेला नाही. याहून मोठं प्रमाणपत्र या गावात देत नाहीत. माडाच्या झावळ्यांचे झाप विणून गोठ्याला लावले. म्हणजे ठिपके पाच झाले. उरले फक्त वाल. त्यांना शेंगा धरल्या आहेत.

आठव्या खुणेबद्दल मी सखूकाकीला विचारलं होतं. ती म्हणाली, ठाव न्हाय, बायजा सांगत नसे. पण परवा खराटा घेऊन जाता जाता दारात थांबली.

“चवकोनात चवकोन, ती म्हनतोस व्हय?”

“हो.”

“ती पयल्यापासनं नव्हती रं. तू मास्तर लागलास ना, त्याच्या पुढल्या पाडव्याला काढली पयल्यांदा. म्यां इचारलं, ह्यो काय गं? तर निसती हसली. म्हनली, बघू.”

या माहितीचा मी विचार करतो आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा घरात पहिल्यांदा टेबल आलं, म्हणजे ती टेबलाची खूण असावी. आता टेबल आल्यावरही तिच्यावर ठिपका का नाही, हा आक्षेप उरतो. तो सध्या तसाच ठेवला आहे.

पाडवा एकोणीस मार्चला, गुरुवारी आहे.

बाळू


१५ मार्च २०२६

ताई,

हे या वर्षातलं शेवटचं पत्र, कारण पाडवा चार दिवसांवर आला.

काल वालाचं बी राखेत घोळवून मडक्यात भरलं. तोंड शेणामातीने लिंपलं. शेंगेवर ठिपका दिला. ओळ अशी उभी आहे: सात खुणा, सहा ठिपके, आमसुलांच्या त्रिकोणावर पुसल्याचा डाग, आणि शेवटी एक वीतभर मोकळी जागा.

शिमग्याला ऋत्विक आणि रुचिका आले होते. स्वेटर पुरा झाला, दोन्ही बाह्यांसकट. ऋत्विकने तो मार्चच्या उकाड्यात अर्धा तास अंगात ठेवला, बायकोकडे बघत, घाम पुसत. पुदिना वाळला. पुस्तकं नऊ झाली. तिने तिचा तक्ता खरा भरला आहे, हे मला आवडलं.

मग तिने माझा उघडला.

“बाबा, सगळं छान आहे. पण वर्षभरात अडचणीच्या रकान्यात एक शब्द नाही. गोधडी पंधरा वेळा उसवलीत, चूल दोनदा फुटली, आमसुलं गेली, आणि अडचण नाही?”

“अडचण कामात नव्हती.”

“मग कशात होती?”

तिच्या कचेरीत असलं उत्तर चालत नसावं.  मी विषय बदलला आणि आम्ही पुरणपोळीकडे गेलो. तिला जे सांगितलं नाही ते तुला लिहितो.

मी नोकरीला लागलो त्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सहामाहीचे पेपर घेऊन मी त्या नव्या टेबलाशी बसलो होतो. माझे पहिलेच पेपर, लाल पेन, आणि मी त्यात फार गुंग. आई भांडी घासून आली. पदराला हात पुसत टेबलाच्या कडेला उभी राहिली.

“बाळू, माजं नाव कागदाव केवढं व्हतं रं?”

मी मान वर केली नाही. म्हटलं, “तीन अक्षरं.”

“तीनच?” ती म्हणाली. “मंग लय न्हाय.”

आणि उभीच राहिली. मला वाटलं, चहाचा कप न्यायला थांबली आहे. मी कप उचलून तिच्यापुढे केला. ती तो घेऊन गेली.

त्याच्या पुढच्या पाडव्याला ती खूण दारावर आली.

जानेवारीत मी माळ्यावरून तुझी पहिलीतली पाटी खाली काढली. काळा चौकोन, भोवती लाकडाच्या पट्टीचा चौकोन. धूळ पुसली आणि दारातल्या मोकळ्या जागेशी धरून बघितली. मग परत माळ्यावर ठेवली आणि तुला टेबलाची गोष्ट लिहिली.

खरं तर मला तेव्हा कळलं असंही नाही. तू लग्नात ‘एक राहिलंच होतं’ म्हणालीस, तेव्हाच कळलं होतं. मठ्ठ्याचा विनोद मी नंतर तयार केला. फेण्या, आमसुलं, चूल, खराटा, सगळं मनापासून केलं, पुढल्या वर्षी पुन्हा करीन, ते मी सोडणार नाही. पण त्यात वर्ष घालवता आलं हेही खरं. ओळ पुरी झाल्याशिवाय तुझ्यासमोर यायचं नाही, असं स्वतःला सांगता येत होतं. माणगावच्या स्टँडवरून परत फिरलो ते तू रागावशील म्हणून नव्हे. रागावतेस तू माझ्या जन्मापासून, त्याची सवय आहे. मी पाटीचं विचारीन आणि तू ‘व्हय’ म्हणशील, याला घाबरून फिरलो.

बुधवारी दुपारच्या गाडीने येतो आहे. चहा घरीच घेईन. गोधडी आणतो आहे, किरमिजी बाजू वर. गुरुवारी सकाळी तू माझ्याबरोबर इकडे यायचं आहेस. गेरू भिजवून ठेवला आहे. आठवी खूण कशाची ते तू सांग, मी ऐकून घेईन, आणि काढायची ती तूच काढ.

रुचिकाच्या तक्त्यातला तो रकाना आज भरला. तिला अजून पाठवलेला नाही, आधी तुला.

अडचण: आईला आपलं नाव लिहायला शिकायचं होतं, शिकवणारा मी घरातच होतो, आणि जाईपर्यंत सव्वीस पाडवे ती माझी वाट बघत होती की काय, याची मला भीती वाटते.

बाळू